वेल्समधलं कूळ आणि पूर्वजांच्या कबरी शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर कार्डिफचं. सासूबाई वेल्श. त्यांची आई ऱ्होंडा खोऱ्यातल्या खाणकामगारांच्या वस्तीत वाढली. आजी मात्र पश्चिमेकडच्या कार्डिगनशर परगण्यातून लग्न होऊन तिथे आलेली, आणि सासूबाईंची आई सहा वर्षांची असताना वारलेली. "माझ्या आजीला कुठं पुरलंय ते एकदा बघायचं होतं," असं सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, आणि तिथून माझा हा शोध सुरू झाला. त्याला आता बरीच वर्षं झाली.

वेल्श घरात लग्न झालेली आणि मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवू पाहणारी मराठी मंडळी मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वेल्श शब्द कानाला येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून. संकेतस्थळं पुढच्या वर्षीही असतील, नव्वदीतली आत्या असेलच असं नाही. तिला नावं आणि तारखा विचारू नका, त्या कागदावर मिळतात. तिला विचारा : तुम्ही कोणत्या चॅपेलला (सरकारी चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघराला) जायचात? सुट्टीत कुठल्या गावी राहायला जायचात? त्या शेतवाडीचं नाव काय होतं? बाबांना गावात काय म्हणून हाक मारायचे? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तर पुढचं निम्मं काम झालं.

मग कपाटं, पेट्या उघडा. काळ्या किनारीची अंत्यविधीची कार्डं, फोटोंच्या पाठीवरचा मजकूर आणि घरचं वेल्श बायबल हातात घ्या. पीटर विल्यम्स यांचं टीपांसह छापलेलं बायबल १७७० मध्ये कारमार्दनला प्रसिद्ध झालं, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते घराघरांत असे. कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. आमच्याकडच्या बायबलात असं एकच पान आहे. त्यावर अकरा ओळी आणि चार वेगवेगळी हस्ताक्षरं. सगळ्यात वरच्या ओळीपुढे बारीक अक्षरात शेतवाडीचं नाव आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते सोडूनच दिलं होतं. शेवटी कबर सापडली ती त्याच एका शब्दामुळे.

पणजोबांचं आडनाव जोन्स होतं. नुसत्या नाव-आडनावावरून शोध लागेल का?

लागत नाही. हे पहिल्यांदाच सांगते, कारण बहुतेकांचे पैसे आणि महिने इथेच वाया जातात. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस अशी मोजकी आडनावं हजारो घरांत आहेत, आणि या घरांचा एकमेकांशी नात्याने काहीही संबंध नाही.

याचं कारण मराठी माणसाला चटकन कळतं. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो. वेल्श लोक पूर्वी तेवढंच लावत, आडनाव नसेच. मुलाच्या नावापुढे 'आप' किंवा 'आब' म्हणजे 'चा मुलगा', मुलीच्या पुढे 'वेर्ख' म्हणजे 'ची मुलगी'. रीसचा मुलगा तो आप रीस. पुढच्या पिढीत 'आप' नंतर वेगळं नाव येई. इंग्रजी कायदा-कचेऱ्या आल्या, लिहिणाऱ्याला ठाम आडनाव हवं झालं, आणि त्या वेळी वडिलांचं जे नाव होतं ते तिथेच गोठलं. आप रीसचं प्राइस झालं, आप हाउएलचं पॉवेल, आप हिऊचं प्यू, आप हॅरीचं पॅरी, आप रिचर्डचं प्रिचर्ड, आब ओवेनचं बोवेन, आब इव्हानचं बेव्हन. ज्यांचा 'आप' गळून गेला त्यांच्या बापाच्या नावाला शेवटी 'स' लागला. जॉनचे जोन्स, विल्यमचे विल्यम्स.

जमीनदार घराण्यांनी सोळाव्या शतकापासूनच कायमची आडनावं घेतली. साध्या शेतकऱ्यांत, खास करून ग्रामीण भागात, बापाच्या नावाची पद्धत अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत आणि कुठेकुठे एकोणिसाव्यातही चालू होती. त्यामुळे १८०० च्या मागे गेलात की बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरं असं दिसेल. ती चूक समजू नका. डेव्हिड थॉमसचा मुलगा जॉन डेव्हिड असू शकतो, आणि त्याची मुलं जोन्स.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायची सक्ती जुन्या वेल्श समाजात नव्हती. पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) दफननोंदीत आणि थडग्यांवर विवाहित बाई माहेरच्या नावाने सर्रास सापडते.

मग माणूस ओळखायचा कशावरून?

गावावरून, शेतवाडीवरून आणि चॅपेलवरून. आपल्याकडे शेकडो पाटलांतला नेमका कोणता, हे त्याच्या वाडी-वस्तीवरून कळतं, तसंच. गावात पाच जॉन जोन्स असले तर लोक त्यांना वाडीच्या नावाने, धंद्याच्या नावाने किंवा चक्क टोपणनावाने ओळखत, आणि हेच नाव वर्तमानपत्रात आणि दगडावर जाई.

कवींची गोष्ट आणखी निराळी. वेल्श कवी सभेत टोपणनाव घेत आणि आयुष्यभर त्याच नावाने ओळखले जात. ट्राउसवनिथचा एलिस हम्फ्री इव्हान्स ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये लढाईत पडला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी राष्ट्रीय आयस्टेथवोडमध्ये, म्हणजे वेल्श कवितेच्या आणि गाण्याच्या संमेलनात, त्याच्या कवितेला सर्वोच्च मान, म्हणजे कवीची खुर्ची, मिळाली, तेव्हा त्याच्या खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. सगळा वेल्स त्याला हेध विन या नावाने ओळखतो. सैन्याच्या कागदांत मात्र तो इव्हान्स आहे. तुमच्या घरात कोणी कविता करत असेल तर दोन्ही नावांनी शोधा.

सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी कधीपासून मिळतात?

१ जुलै १८३७ पासून. इंग्लंड आणि वेल्सची नोंदणी एकत्र आहे, वेल्सचं वेगळं दप्तर नाही. मध्यवर्ती नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरची सूची मोफत पाहता येते. तिच्यात जन्माच्या नोंदीला आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूच्या नोंदीला वय अगदी पहिल्या वर्षापासून दिलेलं आहे. जोन्स आणि डेव्हिसच्या गर्दीत या दोन रकान्यांनी फार मदत होते. छापील जुन्या सूचीवरून तयार केलेल्या 'फ्रीबीएमडी' या संकेतस्थळावर मृताचं वय १८६६ पासून आणि आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या मध्यानंतरच मिळतं.

सूचीत दिलेला जिल्हा हा नोंदणी जिल्हा असतो. तो परगण्याच्या सीमा मानत नाही. माणूस एका परगण्यात वारला आणि नोंद शेजारच्या परगण्याच्या गावात, असं सीमेवर नेहमी दिसतं.

दाखला मागवायच्या आधी वय, महिना आणि जिल्हा तिन्ही जुळतात का ते पाहा. मी सुरुवातीला घाई केली. सासूबाईंच्या आजीच्याच नावाच्या, त्याच वर्षी वारलेल्या दुसऱ्याच बाईचा दाखला घरी आला. तो अजून माझ्याकडे आहे. कुणाची तरी आई होती ती, फेकून देववत नाही.

मृत्यूचा दाखला मिळाला. दफन कुठे झालं ते त्यात असतं का?

नाही. इंग्लंड-वेल्सच्या मृत्यूच्या दाखल्यात दफनाची जागा लिहीतच नाहीत. मोठ्या माणसाच्या जुन्या दाखल्यात आईवडिलांची नावंही नसतात. मृत्यूची तारीख, ठिकाण, वय, व्यवसाय, कारण आणि वर्दी देणाऱ्याचं नाव एवढंच असतं.

वर्दी देणाऱ्याचा रकाना नीट वाचा. 'मुलगी, मृत्यूसमयी हजर' असं लिहिलेलं असतं, पुढे तिचं लग्नानंतरचं नाव आणि पत्ता असतो. त्या एका ओळीतून एखाद्या हरवलेल्या मुलीचं सासर सापडतं. आईवडिलांसाठी विवाहाचा दाखला मागवा. त्यात वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. आईचं नाव लिहायला तिथे मे २०२१ पासून सुरुवात झाली.

दफनाचा शोध ही वेगळी वाट आहे. चर्चचं आवार, चॅपेलचं आवार किंवा नगरपालिकेची दफनभूमी, या तिन्हींपैकी कुठे हे आधी ठरवावं लागतं.

पॅरिश रजिस्टरमध्ये दफनाची नोंद कशी असते आणि किती मागे जाता येतं?

दफनं लिहून ठेवायचा हुकूम १५३८ चा. पण वेल्समध्ये इतक्या जुन्या वह्या फार थोड्या उरल्या आहेत. बहुतेक ठिकाणी सतराव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचंच हाती लागतं. ओल, उंदीर आणि हयगय या तिन्हींनी मिळून बाकीचं खाल्लं. वही हरवली असेल तर बिशपकडे दरसाल पाठवलेली नक्कल पाहायची. बँगर, सेंट असफ, सेंट डेव्हिड्स आणि लँडाफ या चार जुन्या धर्मप्रांतांच्या नकला अबेरिस्टविथला वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

१ जानेवारी १८१३ पासून छापील रकान्यांची वही आली. त्यात नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही असते. नातं कुठेच नाही. 'राहण्याचं ठिकाण' हा रकाना सोन्यासारखा आहे, कारण पाद्री बहुधा तिथे शेतवाडीचं नाव लिही. १८१३ च्या आधीची नोंद मात्र एका ओळीची. काही वह्यांत 'पुरली' यापुढे काहीच नाही.

मूळ वह्या परगण्याच्या अभिलेखागारांत किंवा राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यातल्या पुष्कळांच्या प्रतिमा 'फाइंडमायपास्ट' या संकेतस्थळावर पैसे भरून आणि सूची 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर मोफत मिळते. सूचीवर थांबू नका, पानाची प्रतिमा बघा. वेल्श न येणाऱ्या माणसाने उतरवलेली वाडीची नावं ओळखू येत नाहीत.

आमचे लोक चॅपेलवाले होते. ते चर्चच्या वहीत सापडतील का?

१८८० च्या आधीचे असतील तर तिथे जरूर शोधा. वेल्सची ही गुंतागुंत समजून घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधले बहुसंख्य उपासक सरकारी अँग्लिकन चर्चला जात नसत. ते बॅप्टिस्ट, स्वतंत्र मंडळ्या, कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट, वेस्लियन अशा पंथांच्या चॅपेलमध्ये जात. १८५१ मध्ये उपासनेला येणाऱ्यांची मोजणी झाली, तेव्हा हे आकड्यांनीच दिसलं. पण सगळ्या चॅपेलांना स्वतःची दफनभूमी नव्हती. गावात पुरायची जागा म्हणजे पॅरिश चर्चचं आवार, आणि तिथे विधी अँग्लिकन पाद्र्यानेच करायचा. जन्मभर चॅपेलमध्ये वेल्श स्तोत्रं गायलेल्या माणसाला मातीत जाताना दुसऱ्याचं प्रार्थनापुस्तक ऐकावं लागे.

१८८० चा दफन कायदा ऑस्बोर्न मॉर्गन या डेन्बीशरच्या खासदारामुळे झाला. नातेवाइकांनी ४८ तास आधी लेखी कळवलं तर चर्चच्या आवारात आपल्या पंथाच्या विधीने किंवा विधीशिवायही पुरता येऊ लागलं. अशा दफनाच्या नोंदीपुढे वहीत या कायद्याचा उल्लेख सापडतो. तो दिसला की समजा, माणूस चॅपेलचा होता, आणि पुढचा शोध चॅपेलच्या कागदांत घ्यायचा.

कायदा झाला तरी सगळ्या पाद्र्यांनी तो मनापासून मानला नाही. १८८८ मध्ये लॅनव्ह्रॉथेन गावी दगडखाणीतल्या एका म्हाताऱ्या कामगाराची शेवटची इच्छा होती, मुलीच्या शेजारी पुरा. पाद्र्याने आवाराचं फाटक बंद केलं. घरच्यांनी पंचवीस वर्षांच्या एका वकिलाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, फाटक उघडून आत जा. ते गेले, पुरलं. खालच्या कोर्टात हरले आणि डिसेंबर १८८८ मध्ये लंडनच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकले. तो वकील डेव्हिड लॉइड जॉर्ज, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. १९४५ मध्ये तो वारला तेव्हा त्याला कोणत्याही चर्चच्या आवारात पुरलं नाही. लॅनस्टिमदुईला द्वीवोर नदीच्या काठी, एका मोठ्या दगडाखाली त्याची कबर आहे. मी ती पाहिली आहे. नदीचा आवाज तिथे सतत असतो.

चॅपेल बंद पडलं, विकलं गेलं. त्याचं दप्तर आणि कबरी कुठे गेल्या?

१८३७ च्या आसपास आणि पुन्हा १८५७ मध्ये चॅपेलांनी आपल्या वह्या सरकारजमा केल्या. त्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. त्यानंतरचे कागद विखुरलेले आहेत. काही राष्ट्रीय ग्रंथालयात, काही परगण्याच्या अभिलेखागारात, काही शेवटच्या खजिनदाराच्या घरी. सभासदांच्या याद्या आणि छापील वार्षिक अहवाल शोधा. अहवालात वर्गणी देणाऱ्यांची नावं वाडीसकट असतात. एखादं नाव एका वर्षी अचानक गायब झालं की मृत्यूचं किंवा स्थलांतराचं वर्ष कळतं.

इमारतीचं घर किंवा गोदाम झालं तरी कबरी बहुधा जागच्या जागी असतात. जायच्या आधी त्या भागाच्या कुलवृत्तान्त मंडळाकडे विचारा. ग्लॅमॉर्गन, ग्वेंट, डिव्हेड, कार्डिगनशर, पॉइस, क्लुईड आणि ग्विनेथ अशी ही मंडळं आहेत. त्यांच्या स्वयंसेवकांनी गेल्या कित्येक दशकांत आवारांतून फिरून दगडांवरचा मजकूर उतरवून घेतला आहे. ज्या दगडावर आज फक्त शेवाळ दिसतं, त्याचा पूर्ण मजकूर त्यांच्या पुस्तिकेत मिळतो. या माणसांचे उपकार फार मोठे आहेत.

शहरात वारलेल्या माणसाचं काय?

नगरपालिकेची दफनभूमी बघा. १८५० नंतरच्या दशकांत कायदे होऊन अशा दफनभूम्या उघडल्या. कार्डिफची कॅथेज १८५९ ची आहे, ११० एकरांची. तिथे अँग्लिकन आणि इतर पंथांसाठी जमीन पहिल्यापासून वेगळी ठेवलेली होती. वह्या नगरपालिकेच्या दफन विभागाकडे असतात. नाव आणि मृत्यूची तारीख दिली तर भाग आणि कबरीचा क्रमांक मिळतो. त्याच कबरीत आणखी कोण आहे हेही आवर्जून विचारा.

दगडावरचा वेल्श मजकूर कसा वाचायचा?

शब्द थोडे आहेत आणि पुन्हापुन्हा तेच येतात, एका दुपारी जमतं. आधी अक्षरं. एकच 'एफ' असेल तर 'व', दोन असतील तर 'फ'. दोन 'डी'चा उच्चार 'द' आणि 'ध' यांच्या मधला, जीभ दातांत धरून. 'डब्ल्यू' हा स्वर आहे, 'उ'. 'सीएच' म्हणजे घशातला 'ख'.

सुरुवात बहुतेक 'एर कोव आम' अशी होते, म्हणजे 'यांच्या स्मरणार्थ'. प्रेमाने लिहिलं असेल तर 'एर सेरखोग गोव आम'. 'बी वारू' म्हणजे वारला किंवा वारली. 'अर हुन' आलं की पुरुष, 'अर होन' आलं की बाई. नाव झिजून गेलं असेल तर हा एक शब्दच सांगतो. 'माब' मुलगा, 'मेर्ख' मुलगी, 'प्रिओद' नवरा किंवा बायको, 'ग्वेधू' विधवा, 'इखोद' म्हणजे 'वर लिहिलेला' किंवा 'वर लिहिलेली'. 'म्लुइध ओइद' म्हणजे 'वर्षे वयाचा'. आणि 'हेविद' म्हणजे 'तसेच'. एकाच दगडावर तीन-चार 'हेविद' असतात. प्रत्येकानंतर एक माणूस, म्हणून जमिनीला टेकलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत गवत बाजूला करून वाचा.

शब्दांची सुरुवातीची अक्षरं बदलतात. 'मेर्ख'चं 'वेर्ख' होतं, 'माब'चं 'वाब', 'प्रिओद'चं 'ब्रिओद'. कोशात सापडला नाही तर पहिलं अक्षर बदलून पाहा. गावांच्या नावांतही हेच होतं.

वय अक्षरांत लिहिलं असेल तर आपल्या आज्या आठवा. तीन विसा, चार विसा अशी मोजणी करायच्या ना, वेल्शचीही जुनी मोजणी विसांची आहे. 'इगाइन' वीस, 'देइगाइन' चाळीस, 'त्रिगाइन' तीन विसा म्हणजे साठ, 'पेद्वार इगाइन' चार विसा. 'पम्थेग अ थ्रिगाइन' म्हणजे पंधरा आणि तीन विसा, पंचाहत्तर. माझ्या नवऱ्याला हे सांगताना हिशोब करावा लागतो, माझ्या साताऱ्याच्या आजीने लगेच सांगितलं असतं.

खाली चार ओळींची कविता दिसली तर तो बहुधा 'एंगलिन' असतो, तीस अक्षरांत बांधलेला, अनुप्रासाचे कडक नियम असलेला छंद. कित्येकदा तो गावातल्याच कवीने त्या माणसासाठी मुद्दाम रचलेला असतो, म्हणून त्याचा फोटो जरूर घ्या.

दगड झिजलाय. घासून साफ करू का?

अजिबात नको. तारेचा ब्रश, खडू, दाढीचा फेस, ब्लीच यांतलं काहीही दगडाला लावू नका, कायमचं नुकसान होतं. पाटीच्या दगडाचे पापुद्रे तर नुसत्या नखाने निघतात. ढगाळ दिवशी मोठी विजेरी किंवा आरसा घेऊन उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडा. अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि मजकूर वर येतो. आवार खासगी जमिनीत असेल तर आधी परवानगी घ्या.

वर्तमानपत्रांत काही सापडतं का?

माझ्या मते सगळ्यात जास्त तिथेच सापडतं, आणि लोक सगळ्यात कमी तिथेच बघतात. राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतच्या वेल्श आणि इंग्रजी वर्तमानपत्रांची अकरा लाखांहून जास्त पानं मोफत खुली केली आहेत, शब्द टाकून शोधता येतात. माणसाचं नाव टाकू नका, शेतवाडीचं किंवा चॅपेलचं नाव टाका. मृत्यू दगदगीच्या शहरात झाला तरी बातमी मूळ गावाच्या सदरात येई : अमुक वाडीच्या अमक्याची मुलगी तमक्या खोऱ्यात वारली, देह गाडीने आणला, सेवा कोणत्या पाद्र्याने केली, कुठे पुरलं. पंथांच्या मासिकांतले मृत्युलेखही त्याच ग्रंथालयाने मोफत ठेवले आहेत.

जनगणना कशी वापरायची?

१८४१ ते १९२१ दर दहा वर्षांची खुली आहे. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत आणि जन्माचं पॅरिश नाही, ते १८५१ पासून मिळतं. वेल्समध्ये १८९१ पासून वेल्श बोलतो, इंग्रजी की दोन्ही, हाही रकाना आहे. १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधली पोकळी युद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, केलेल्या नागरिकांच्या नोंदवहीने थोडी भरते.

गावाचं नाव लॅनविहांगेल आहे. नकाशावर अशी कितीतरी दिसतात.

'लॅन' म्हणजे चर्चची कुंपण घातलेली जागा, पुढे संताचं नाव. मायकेलची ती लॅनविहांगेल, मेरीची ती लॅनवायर. त्यामुळे पुढचा शब्द, नदी किंवा टेकडी, असल्याशिवाय गाव ठरत नाही. आणि १९७४ मध्ये तेरा जुने परगणे मोडून आठ झाले, १९९६ मध्ये बावीस. शोधताना जुन्या परगण्याचं नाव धरा.

१८५८ च्या आधीची मृत्युपत्रं?

चर्चच्या न्यायालयांत सिद्ध झालेली वेल्श मृत्युपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, एक लाख नव्वद हजारांच्या आसपास, प्रतिमांसह मोफत. गरिबाचंही सापडतं. गाय, चरखा, अंथरूण कुणाला दिलं ते वाचताना घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

वहीत नोंद नाही, दगडही नाही. असं का?

दगड नसतो तो बहुतेक वेळा पैसे नव्हते म्हणून. दगड घालणं गरिबाच्या आवाक्यात नव्हतं, त्यामुळे दगड नसणं हीच सामान्य स्थिती. साथीत तर घाईने, वस्तीपासून दूर पुरत. ट्रेडेगरच्या वर केव्हन गोलाऊच्या उघड्या माळावर १८३२ आणि १८४९ च्या पटकीतल्या मृतांचं आवार आहे, मोजके दगड वाऱ्यात झुकलेले.

खाणीतल्या अपघातांत वेगळंच होतं. सेंगेनिथला १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोटात ४३९ खाणकामगार आणि एक बचाव करणारा गेला. त्यांच्यातल्या अनेकांच्या कबरी आसपासच्या आवारांत आहेत. पण रेक्सहॅमजवळ ग्रेसफर्डला २२ सप्टेंबर १९३४ रोजी २६६ जण गेले, आणि फक्त ११ देह वर आले. बाकीचे बंद केलेल्या खाणीतच आहेत. तुमचा माणूस त्यांतला असेल तर दफनाची नोंद कुठल्याच वहीत नसणार, ती शोधत राहू नका. पहिल्या महायुद्धात परदेशी पडलेल्यांचे देहही घरी आणले नाहीत. त्यांच्यासाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची मोफत सूची आहे.

दहन झालं असेल तर?

हे विचारणारे बहुतेक आपलेच असतात. लॅनट्रिसंटचे डॉक्टर विल्यम प्राइस यांनी जानेवारी १८८४ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा देह टेकडीवर जाळायला घेतला, तेव्हा लोक संतापून धावून आले आणि खटला झाला. कार्डिफच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की कुणाला उपद्रव होत नसेल तर दहन बेकायदा नाही. १८९३ मध्ये प्राइस वारले तेव्हा त्यांचंही दहन त्याच टेकडीवर झालं, हजारो लोकांसमोर. दहनाचा कायदा १९०२ चा आणि वेल्समधलं पहिलं दहनगृह पाँटिप्रिथजवळ ग्लिनटाफला, १९२४ चं. त्याआधीच्या वेल्श पूर्वजाचं दहन झालेलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. नंतरचं असेल तर नोंद त्या दहनगृहाकडेच.

पूर्वज भारतात येऊन इथेच वारला. त्याची नोंद?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत. त्यात बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतून पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नकला आहेत. मुंबईच्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या. सैनिक, रेल्वेवाले, अभियंते बहुधा त्यात सापडतात. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांसाठी 'फिबिस' या संस्थेची मोफत सूची आहे.

पुण्याच्या खडकी युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक कबरी आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धात भारतात वारलेल्या आणि ज्यांच्या कबरी आता राखता येत नाहीत अशा अठराशेहून अधिक जणांची नावं तिथे कोरली आहेत. आपल्यातलं कोणी पुण्यात असेल तर एका वेल्श घरासाठी एक फोटो काढून पाठवणं अवघड नाही. मी माझ्या भावाला दोनदा पाठवलं आहे.

पूर्वज मिशनरी असेल तर अबेरिस्टविथला कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्टांची कागदपत्रं बघा. त्यांचं काम खासी टेकड्यांत होतं. पहिला मिशनरी टॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला पोचला, आणि १८४९ मध्ये कलकत्त्यात वारला. त्याची कबर तिथल्या स्कॉटिश दफनभूमीत आहे.

पैसे किती लागतात?

वर्तमानपत्रं, जुनी मृत्युपत्रं, सरकारी सूची आणि 'फॅमिलीसर्च' एवढ्या मोफत गोष्टींवर बराच पल्ला गाठता येतो. पैसे दाखल्यांवर खर्च करा, आणि जुन्या नोंदीची पीडीएफ प्रत छापील दाखल्यापेक्षा स्वस्त पडते. सशुल्क संकेतस्थळं पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत फुकट वापरता येतात.

दुसऱ्यांनी ऑनलाइन लावलेली वंशावळ उचलू का?

खुणेसाठी बघा, उतरवून घेऊ नका. एकाने दोन जॉन इव्हान्स एक केले की पन्नास जण ते उचलतात.

सासूबाईंच्या आजीची कबर सापडली का?

सापडली. आम्ही दोन वर्षं ऱ्होंडात शोधत होतो, कारण नवरा तिथला, मृत्यूची नोंद तिथली, नोव्हेंबर १९१८, इन्फ्लुएन्झाची साथ. चॅपेलचं आवार, नगरपालिकेची दफनभूमी, सगळं झालं. मग एका रात्री वर्तमानपत्रांत तिचं नाव न टाकता बायबलातलं वाडीचं नाव टाकलं. कार्डिगनशरच्या एका पत्रात, गावच्या सदरात वेल्शमध्ये चार ओळी निघाल्या. देह गाडीने ट्रेगारोन स्टेशनात आणला आणि माहेरच्या चॅपेलला पुरला.

पुढच्या वसंतात सासूबाईंना घेऊन गेलो. पाटीचा काळा दगड, तिच्या आईवडिलांचा. त्यांची नावं वर, ठसठशीत. मी गुडघ्यावर बसून गवत बाजूला केलं तेव्हा अगदी खाली आणखी एक ओळ होती, 'हेविद एइ मेर्ख', 'तसेच त्यांची मुलगी'. पुढे फक्त पहिलं नाव, मग ऱ्होंडातल्या गावाचं नाव ट्रेओर्की, आणि वय २९. आडनाव नाही, सासरचंही नाही, माहेरचंही नाही. सासूबाईंनी हातमोजा काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचली.